मालगाडीसाठी कोण भांडणार?

काल संध्याकाळी बहिणीला सोडायला सेलू स्टेशनवर गेलो होतो. लूप लाइनवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, एक मालगाडी उभी होती. शेवटच्या डब्यातले गार्डसाहेब रिकामी बाटली घेऊन नळाकडे आले, तेव्हा विचारलं, "साहेब, कधीपासून थांबलात?" म्हणाले, "दोन गाड्या काढून दिल्या, तिसरी येतीय. ती गेली की आमचा सिग्नल." बहिणीची गाडी आली आणि गेली. मी निघालो तेव्हाही मालगाडी तिथंच होती.

आपण मराठवाड्यातली माणसं रेल्वेकडे मागणी घेऊन गेलो की मुंबई-पुण्याची गाडी मागतो, थांबा मागतो. मागितलंच पाहिजे, त्यात चूक काही नाही. पण मालगाडीचा शब्द निवेदनात मी आजवर वाचलेला नाही, आणि हे मला फार खटकतं.

माझं खत-बियाण्याचं दुकान आहे. जून-जुलैत आमचा सगळा जीव रेकमध्ये, म्हणजे खताच्या अख्ख्या मालगाडीत, अडकलेला असतो. एका रेकमधून अडीच हजार टनांच्या आसपास खत उतरतं. तेवढंच ट्रकने आणायचं तर शंभरावर ट्रक लागतील. रेक रखडला तर दुकानासमोर रांगा लागतात, आणि तोवर कपाशीला खत द्यायची वेळ निघून जाते.

दोन वर्षांपूर्वी आषाढात एका मालधक्क्यावर माल घ्यायला गेलो होतो. रेक लागला आणि पाऊस सुरू झाला. छप्पर अर्ध्याच धक्क्यावर. हमाल डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन, ४५ किलोची एकेक गोणी पाठीवर टाकून वाघिणीतून, म्हणजे मालगाडीच्या डब्यातून, ट्रककडे पळत होते. ठरलेल्या वेळेत वाघिणी रिकाम्या झाल्या नाहीत तर डॅमरेज, म्हणजे उशिराचा दंड, लागतं, म्हणून पाऊस थांबेपर्यंत वाट बघायचीही सोय नाही. माझ्या वाट्याच्या कितीतरी गोण्या भिजल्या. आठ दिवसांनी एका शेतकऱ्याने गोणी फोडली तर आत युरियाचा दगड झालेला. ते ढेकूळ हातात धरून त्याने माझ्याकडे पाहिलं, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

मनमाड-सिकंदराबाद मार्ग निजामाच्या काळात, १९०० च्या सुमारास, मीटरगेजवर, म्हणजे कमी रुंदीच्या रुळावर, सुरू झाला. मनमाडचा मुख्य मार्ग मात्र रुंद, ब्रॉडगेज. त्यामुळे पुढे कित्येक वर्षं मनमाडला माल एका गाडीतून काढून दुसऱ्या गाडीत भरावा लागायचा. स्वातंत्र्यसैनिक गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेने रुंदीकरणाची मागणी लावून धरली, कारण त्यांना हा प्रदेशाच्या उद्योगाचा प्रश्न वाटत होता. रुंदीकरण झालं, पण रूळ एकेरीच राहिला. मुदखेड ते परभणी दुहेरी झालं. संभाजीनगर ते परभणी या १७७ किलोमीटरला मंजुरी मिळायला २०२५ चा जुलै उजाडला. एकेरी रुळावर आधी एक्स्प्रेस सोडतात आणि माल बाजूला उभा राहतो. जालन्याजवळ दिनेगावच्या ड्रायपोर्टचं, म्हणजे समुद्रापासून लांबच्या कंटेनर बंदराचं, भूमिपूजन २०१५ मध्ये झालं. पण नुसतं ड्रायपोर्ट बांधून कंटेनर मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदराला पोचतो का? वाटेत तो कितीदा थांबणार, याचा हिशोब कोण मांडतंय?

परळीच्या वीज केंद्राचा कोळसा रेल्वेनेच येतो. आणि लातूरकरांना तर सांगायलाच नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून ३४२ किलोमीटरवरून पाणी आलं ते मालगाडीनेच. पहिल्या खेपेला १० वाघिणी, साधारण ५ लाख लिटर. पुढे ५० वाघिणींची गाडी येऊ लागली. कुर्डुवाडी-लातूर नॅरोगेजच राहिली असती तर ही गाडी थेट लातुरात आलीच नसती.

म्हणून पुढच्या बैठकीत मी तीन गोष्टी लेखी देणार आहे. धक्क्यावर पूर्ण लांबीचं छप्पर, हमालांसाठी पिण्याचं पाणी आणि शौचालय, आणि ज्याला अख्खा रेक भरता येत नाही अशा व्यापाऱ्याला चार-दोन वाघिणी मिळण्याची सोय. ही तिसरी मागणी अवघड आहे, मला माहीत आहे. तरी लिहिणार.

तुमच्या गावच्या धक्क्यावर काय उतरतं, काय चढतं आणि छप्पर आहे की नाही, तेवढं खाली लिहा. निवेदनात गावाच्या नावासकट घालतो.