उजनी उणे झाली म्हणजे आटली नाही!

परवा जुळे सोलापुरात आत्याकडे गेलो, तर अंगणभर पिंपं, घागरी, बादल्या काठोकाठ भरलेल्या आणि एकावरही झाकण नाही. "उजनी आटली म्हणे की रे," म्हणत तिनं मोबाइल पुढे केला. एरवी धरणात बुडालेल्या, आता उघड्या पडलेल्या पळसदेवच्या मंदिराचा फोटो, खाली मजकूर: 'उजनी उणे! धरणात थेंब नाही. उरलेलं हिरवं पाणी उकळून प्या. रोहित पक्षी उतरतात म्हणजे पाणी शुद्धच.' थेंब नाही, मग उरलं काय? लिहिणाऱ्यानं स्वतःचाच मजकूर वाचलेला नाही.

टक्केवारी असते ती फक्त उपयुक्त साठ्याची, म्हणजे नेहमीच्या दारांतून सोडता येणाऱ्या पाण्याची. त्याखालचा तो मृतसाठा; पाणी त्यात उतरलं की आकडा उणे होतो. जलसंपदा खात्याच्या आकड्यांप्रमाणे उजनीची एकूण क्षमता 117.23 टीएमसी (अब्ज घनफूट), त्यात उपयुक्त साठा 53.57 आणि मृतसाठा 63.66. मृतसाठाच जास्त! म्हणजे शून्य टक्क्यांना निम्म्याहून अधिक धरण भरलेलं असतं. 2024 च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठपर्यंत गेली, तेव्हाही सुमारे 31 टीएमसी पाणी होतं. धरण खरंच कोरडं पडायला आकडा उणे 118 च्या पुढे जावा लागेल. आणि पळसदेव आहे भिंतीपासून बरंच वर, फुगवट्यात, म्हणजे भिंतीमागे लांब पसरलेल्या पाण्यात. तिथलं पाणी आधीच हटतं.

आता एक कबूल करावंच लागेल. पातळी खाली गेली की सोलापूरच्या पंपांना पाणी पोचत नाही, दुबार पंपिंग लागतं, म्हणजे तेच पाणी दोनदा उपसावं लागतं, नळाचे दिवस लांबतात. त्रास खरा आहे, पण ते पाणी संपणं नव्हे.

उकळण्याचा सल्ला मात्र धोक्याचा. उकळल्यानं जंतू मरतात, पण निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष मरत नाही. उलट पेशी फुटून ते पाण्यात उतरतं. नळाचं पाणी शुद्धीकरण केंद्रातून येतं, ते उकळा. पण काठावरच्या वस्तीवर किंवा भिगवणला होडीत फिरायला गेल्यावर धरणातलं हिरवं पाणी उकळूनही पिऊ नका.

रोहित पक्ष्यांचं काय सांगायचं! ते शेवाळ आणि चिखलातले बारीक जीवच खातात. ठाण्याच्या गढूळ खाडीतही हजारोंनी उतरतात.

आणि ती उघडी पिंपं! डेंग्यूचा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आठ-दहा दिवसांत नवे डास उडतात. आत्याकडची जुनी बॅरलं त्याच दुपारी झाडांना ओतली, घासून घेतली. उरलेल्यांवर तिनं जुनं लुगडं फाडून बांधलं.