हिफ्ज करणाऱ्या मुलांचा थकवा

मदरशाच्या वसतिगृहात राहून हिफ्ज, म्हणजे संपूर्ण कुरआन पाठ करणाऱ्या मुलाचे मन लागेनासे झाले, की आपण आधी त्याच्या इमानवर, म्हणजे श्रद्धेवर शंका घेतो. हे थांबायला हवे, असे मला फार तीव्रतेने वाटते.

आपल्या नाशिक जिल्ह्यात, विशेषतः मालेगावात, मदरशांची मोठी परंपरा आहे आणि महाराष्ट्रातल्या मदरशांत बिहारमधूनही मुले येतात. मे २०२३ मध्ये पुणे-सांगलीकडे निघालेल्या अशा ५९ मुलांना भुसावळ आणि मनमाडला मुलांच्या तस्करीच्या संशयावरून गाडीतून उतरवून जळगाव-नाशिकच्या बालगृहांत ठेवले गेले. पुढे गैरसमज झाल्याचे सांगून पोलिसांनीच ते प्रकरण बंद केले. मुलांच्या मनात बसलेली भीती मात्र अशी कागदावर बंद होत नसते.

हिफ्जचा दिनक्रम बाहेरच्यांना फारसा ठाऊक नसतो. फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजच्या आधी उठायचे, उस्तादांना नवा सबक (धडा) ऐकवायचा, मग सबकपारा, म्हणजे अलीकडचे सबक, आणि त्यानंतर आमोख्ता, म्हणजे पूर्वी पाठ झालेले पारे (कुरआनच्या तीस भागांपैकी एकेक भाग म्हणजे पारा). पारे वाढत जातात तसा आमोख्ताही वाढतो, त्यामुळे तिसाव्या पाऱ्याकडे निघालेल्या मुलाला नव्या सबकपेक्षा जुने विसरण्याचीच धास्ती अधिक असते. हे अम्मीला फोनवर सांगणार कसे? तिने तर मुलगा हाफिज, म्हणजे कुरआन मुखोद्गत असलेला, होणार म्हणून साऱ्या मोहल्ल्याला सांगून ठेवलेले असते.

अशा वेळी ‘जिक्र कर’, म्हणजे अल्लाहचे स्मरण कर, एवढेच सांगितले जाते. अल्लाहच्या स्मरणाने अंतःकरणाला शांती लाभते, हे सूरह रअदमध्ये आहे आणि माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे. पण त्याच कुरआनात पुत्रवियोगाच्या दुःखाने हजरत याकूब अलैहिस्सलाम यांचे डोळे पांढरे झाल्याचेही सांगितले आहे, आणि ते तर पैगंबर होते. थोर इस्लामी विचारवंत इमाम गझाली १०९५ मध्ये बगदादच्या निझामिया मदरशात शिकवत असताना त्यांची वाचाच बसली, अन्न गिळेना. दुखणे मनातून शरीरात उतरले आहे, असे हकिमांनी सांगितल्याचे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. एवढ्या मोठ्या आलिमाला (धर्मपंडिताला) जे झाले, ते बारा वर्षांच्या मुलाला झाले तर तो कमजोर इमानचा कसा ठरतो?

मदरशाचा कारभार पाहणाऱ्या मोहतमिम साहेबांना माझी विनंती आहे, की रमजाननंतरच्या शव्वाल महिन्यात नवे दाखले होतील तेव्हा पहिला महिनाभर मुलांना रोज घरी बोलू द्यावे, असरच्या (दुपारनंतरच्या) नमाजनंतरचा खेळ शिक्षा म्हणून बंद करू नये, आणि ज्याच्याकडे मुले मन मोकळे करू शकतील असा, सबक न ऐकणारा एक उस्ताद नेमावा. झोप उडालेल्या मुलासाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक वजूखान्याजवळ (नमाजपूर्वी हातपाय धुण्याच्या जागेजवळ) लावण्यास तर कोणाचीच परवानगी लागत नाही.