ऑइल दुधाळ झालं, पण कुठलं?

बोटीवाल्यांच्या व्हॉट्सॲपवर आउटबोर्डबद्दल, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावतात त्या इंजिनाबद्दल, एक फॉरवर्ड फिरतोय: 'आउटबोर्डचं ऑइल दुधाळ दिसलं म्हणजे हेड गॅस्केट गेलं, हेड उघडा. पैसे नसतील तर ऑइल दोनदा बदलून चालवा. मागून पाण्याची धार जोरात पडत असेल तर काळजी नाही.' गेल्या महिन्यात दोघे जण हा मेसेज दाखवत वडोदऱ्यातल्या रावपुऱ्यात माझ्याकडे आले, म्हणून लिहितो. हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, आणि त्याच्याखालची सीलबंद पट्टी म्हणजे हेड गॅस्केट. ऑइल दुधाळ होतं ते त्यात पाणी मिसळल्याने.

आधी सांगा, कुठलं ऑइल? पंख्याजवळच्या गिअरबॉक्सचं वेगळं, फोर स्ट्रोकच्या इंजिनाचं वेगळं. टू स्ट्रोकला तर इंजिनाचं ऑइल पेट्रोलबरोबर जळूनच जातं, त्यामुळे तिथे दुधाळ निघालं ते गिअरबॉक्सचंच. त्यात पाणी शिरतं पंख्याच्या शाफ्टभोवतीच्या सीलमधून, नाहीतर ड्रेन स्क्रूच्या जुन्या वॉशरमधून. हेडचा संबंध काय?

2024च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली, तेव्हा गल्लोगल्ली फिरलेली एक बोट नंतर माझ्याकडे आली. खालचा स्क्रू सोडला. आधी चमचाभर पाणी, मग दुधाच्या कॉफीसारखं ऑइल. पंखा उतरवला तर शाफ्टला नायलॉनचा मांजा, इतका घट्ट की ब्लेडने कापावा लागला. जानेवारीतल्या उत्तरायणाच्या पतंगांचा मांजा ऑगस्टमध्ये सील खाऊन बसला होता! सील बदललं, गळती तपासायला गिअरबॉक्सात हातपंपाने 10 पीएसआय दाबाची हवा भरली, साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा नाही, दाबाचा काटाही जागचा हलला नाही. हेडच्या एका बोल्टला पाना लावला नाही.

इंजिनाचं ऑइल दुधाळ असेल तर गॅस्केटवर संशय रास्त आहे. तरी आधी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील तर त्यांच्या मधलं गॅस्केट गेलं असण्याची शक्यता मोठी. सगळे सारखे निघाले तर बोट रोज पाच-दहा मिनिटं धीम्यावरच चालते का, हे विचारा. नीट तापतच नसलेल्या इंजिनात वाफेचं पाणी होतं आणि ऑइलच्या झाकणाखाली पांढरा साका धरतो.

नुसतं ऑइल बदलून काय होणार? पाण्याची वाट उघडीच राहते, बेअरिंगला गंज चढतो, आणि एका साध्या सीलपायी अख्खा गिअरबॉक्स जातो. धारेचं म्हणाल तर इंजिन थंड ठेवणारा पंप पाणी उचलतोय, एवढंच ती सांगते.

आणि स्पार्क प्लग पाण्याने ओले निघाले तरी हेडवर धावू नका. टाकीच्या तळाचं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून थोडा वेळ ठेवा. इथेनॉलवालं पेट्रोल पाणी ओढतं. तळाशी वेगळा थर दिसला तर पाणी टाकीतूनच येतंय.