"सातबारा कोरा आहे, बिनधास्त घ्या" हे खरं नाही

आमच्या भावकीच्या ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय, सातारा-सांगलीकडं जमीन घेताना सातबारा ऑनलाईन बघा, कोरा असला की टोकन द्या, शेतकरी दाखल्याचं नंतर बघता येतं, रस्ता गावात कोण अडवत नाही आणि नदीकाठ मिळाला तर सोनंच. चौघांनी तो पुढं पाठवला पण, म्हणून लिहितोय.

कोरा म्हणजे बँकेचा-सोसायटीचा बोजा चढलेला नाही एवढंच. सातबारा हे महसुली रेकॉर्ड आहे, त्यावर नाव आहे म्हणून मालकी सिद्ध होत नाही, कोर्टानं हे कितीदा सांगितलंय. माझ्या मामानं जावळीत असाच स्वच्छ उतारा बघून 30 गुंठे घेतले, विकणाऱ्याचं एकट्याचंच नाव, आणि दीड वर्षानं त्याच्या दोन बहिणींचा वाटपाचा दावा लागला कारण वडील वारल्यावर वारसनोंदीत पोरींची नावं घातलीच नव्हती. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हिस्सा मुलाएवढाच, 2005 च्या दुरुस्तीनं ते पक्कं झालंय. मामानं जुने फेरफार, म्हणजे उताऱ्यावरची नावं कधी-कशी बदलली त्याच्या नोंदी, काढून वाचले असते तर एवढं तरी विचारलं असतं की बाबा, तुला बहिणी नाहीत का? अजून तारखा चालूच आहेत, मामी त्या विषयावर बोलतच नाही. आणि कोऱ्या उताऱ्यावर सुद्धा वरती भोगवटादार वर्ग 2 लिहिलेलं असू शकतं, आपल्याकडं पुनर्वसनात मिळालेल्या, वतनाच्या अशा जमिनी भरपूर आहेत, त्या सरकारी परवानगीशिवाय घेता येत नाहीत.

दाखल्याचं नंतर, हे तर साफ चुकीचं. 1948 च्या कुळकायद्याचं कलम 63 बघा, शेतकरी नसाल तर शेतजमीन घ्यायला आधी परवानगी लागते, नाहीतर जमीन सरकारजमा व्हायची वेळ येते.

रस्ता अडवतात. बांधावरनं जाऊ देणारा म्हातारा गेला की पोरगा तार ओढतो, मग तहसीलदाराकडं जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली रस्त्यासाठी अर्ज करत बसा. गावनकाशावर रस्ता दिसतोय का ते आधीच बघा आणि सरकारी मोजणी झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

नदीकाठाचं म्हणाल तर 2019 ला सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती. निळी पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणारी सरकारी रेघ, जलसंपदा खात्याच्या नकाशावर बघाच, पण त्या गावात जाऊन जुन्या घरांच्या भिंतीवर पाणी कुठवर चढलं होतं ते पण दाखवायला सांगा, लोक हात लावून दाखवतात.