अनारसे आहेत, अनारसे नाहीत

काकूचा फराळाचा धंदा वर्षातले दोन महिने चालतो आणि तिच्या वेबसाइटचा सर्व्हर बाराही महिने. उरलेल्या दहा महिन्यांचं भाडं कोणाच्या बापाचं, हा काकूचा प्रश्न सरळ होता. ऑफिसातल्या मित्राचं उत्तर त्याहून सरळ: सर्व्हरलेसवर टाक. कोणी साइट उघडली की तेवढ्यापुरतं फंक्शन, म्हणजे कोडचा एक तुकडा, उठतं, पान रांधून देतं आणि गुडूप होतं. जेवढा वापर तेवढे पैसे. ॲमेझॉनने लॅम्डा ही असली सेवा आणली २०१४ साली, आणि तू अजून मशीन सांभाळतोस? हे त्याने इतक्या कणवेने विचारलं, की मी त्याच रात्री एका कंपनीत खातं उघडलं. कंपनीचं नाव घेत नाही. दिवाळी परत येणार आहे.

सुरुवातीची कटकट किरकोळ होती. चकलीच्या फाइलचं नाव लहान सी ने आणि कोडमध्ये कॅपिटल. माझ्या मॅकला दोन्ही सारखंच, त्यांच्या लिनक्सला नाही. फोटो लहान करणारी लायब्ररी मॅकसाठी बांधलेली, ती तिकडे चालेना. पावत्यांची पीडीएफ काढायला सोबत दिलेला क्रोमियम ब्राउझर धरून सगळा ऐवज २५० एमबीच्या वर जात होता, आणि हद्द नेमकी २५०ची. हे सगळं निस्तरून साइट एकदाची चढली. काकूला फोन केला. तिने लगेच अनारशांचा फोटो टाकला.

पाच मिनिटांत तिचाच फोन. “अरे, फोटो दिसत नाहीये.”

मी उघडून पाहिलं, दिसत होता. तिने रिफ्रेश केलं, दिसला. पुन्हा केलं, गेला. काका त्यांच्या फोनवरून म्हणाले, मला दिसतोय. मग त्यांनाही दिसेना. भानगड अशी, की या फंक्शनांना स्वतःची डिस्क नसतेच म्हटलं तरी चालेल. कोडच्या फोल्डरमध्ये काही लिहू देत नाहीत; लिहायला फक्त एक टेंप नावाचं फोल्डर, आणि तेही प्रत्येकाचं वेगळं. फोटो ज्या फंक्शनाच्या हाती पडला त्याच्यापुरताच तो अस्तित्वात. दुसऱ्याकडे विनंती गेली, की त्याने अनारसा म्हणून काही ऐकलेलंच नसतं. आणि पहिलाही थोड्या वेळाने झोपेत मरतो, अनारशांसकट.

“अनारसे जाळीदार हवेत, हे खरं,” काकू म्हणाली, “पण म्हणून इतके?”

फोटो ठेवायला वेगळं स्टोरेज घेतलं. त्याचं बिल वेगळं.

मग पावती. लॅपटॉपवर सुरेख मराठीत निघायची. तिकडे त्या सडाफटिंग लिनक्सवर देवनागरीचा एकही फाँट नव्हता, त्यामुळे गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, पदार्थ, सगळ्या जागी ओळीने कोरे चौकोन. किंमत मात्र ठसठशीत. काकूने चष्मा लावून पावती वरपासून खालपर्यंत वाचली.

“शंकरपाळ्यांची चित्रं छान काढलीस. पण यांनी चिवडा मागवलाय.”

फाँट सोबत बांधून दिला. ऐवज पुन्हा २५०च्या उंबरठ्यावर.

पहिली विनंती आली की फंक्शन उठायलाच दोन-तीन सेकंद घेतं, याला कोल्ड स्टार्ट म्हणतात. हे एक काकूला समजावून सांगावं लागलं नाही. तेल तापायच्या आधी पहिली चकली सोडली की तिचं काय होतं, ते ती जाणून आहे. पण त्यानंतरची प्रत्येक चकलीही सावकाशच तळली जात होती. कारण? कंपनीने न विचारता माझी फंक्शनं अमेरिकेत व्हर्जिनियाला ठेवली होती आणि डेटाबेस होता मुंबईत. एक पान बनवायला पाच-सहा क्वेऱ्या, म्हणजे डेटाबेसला विचारायचे प्रश्न, एकीमागून एक, आणि दर क्वेरीला समुद्रापार जाऊन येणं, म्हणजे साधारण २०० मिलिसेकंद. सदाशिव पेठेतल्या बाईला कोथरूडची काकू लाडवांचा भाव व्हर्जिनियामार्गे सांगत होती. सेटिंगमध्ये मुंबई निवडायची सोय होती. कुठे होती, ते शोधण्यात माझं तारुण्य गेलं.

वसुबारसेच्या आधीच्या रविवारी काकूने तिच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर लिंक टाकली. भजनी मंडळ, योगवर्ग, माहेरची मंडळी. झुंबड उडाली. माणसं वाढली तशी फंक्शनं वाढली (हीच तर जाहिरात), आणि प्रत्येक फंक्शनाने डेटाबेसशी स्वतःची स्वतंत्र जोडणी उघडली. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस, तो मुळात शंभर जोडण्यांवर थांबतो. त्यापुढे तो इंग्रजीत दिलगिरी व्यक्त करतो, आणि ती जशीच्या तशी पानावर झळकली: सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी.

“गिऱ्हाइकं फार झाली म्हणून माफी?” काकूचा आवाज चिरका झाला होता. “तीस वर्षांत मी हे कोणाला बोलले नाही, आणि ही तुझी साइट परस्पर बोलून मोकळी!”

मध्ये जोडण्या वाटून देणारा पूलर बसवला. त्याचं बिल वेगळं.

नरक चतुर्दशीला पहाटे साडेचारला फोन वाजला. अभ्यंगस्नानाची हाक असेल म्हणून उचलला. “अरे, साइट म्हणतेय चतुर्दशी उद्या आहे. आज रात्रीपर्यंत ऑर्डर द्या म्हणतेय!” सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर; आपल्या साडेचारला त्यांच्याकडे आदल्या दिवशीचे रात्रीचे अकरा. पान तिथून ‘उद्या’ लिहून यायचं आणि फोनवर जावास्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरात चालणारा कोड, जागी झाली की डोळ्यांदेखत ‘आज’ व्हायचं. काकूच्या जुन्या फोनवर ती जागी व्हायला चहा उकळेल इतका वेळ लागायचा. टाइमझोन बदलायला ‘टीझेड’ नावाचं सेटिंग लिहायला गेलो, तर ते नाव आमच्यासाठी राखीव आहे, म्हणून कंपनीने हात वर केले. शेवटी जिथे जिथे तारीख छापली होती तिथे तिथे ‘एशिया/कोलकाता’ हाताने लिहीत बसलो.

“तुझ्या साइटला साडेपाचला चतुर्दशी लागणार,” काकू म्हणाली. “तोवर आमचं कारीट फोडून होतं.” तेवढ्यात एकाने ऑर्डर नोंदवलीसुद्धा. पावतीवर तारीख आदल्या दिवशीची, त्यामुळे भांडणात तो वरचढ. दोन किलो चिवडा काकूने त्याच दिवशी केला.

भाऊबीज झाल्यावर ती वही घेऊन बसली. फंक्शनांचं बिल जवळजवळ शून्य. स्टोरेज, पूलर, डेटाबेस मिळून जुन्या मशीनच्या भाड्याच्या वर. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. ती काही बोलली नाही, नुसतं अधोरेखित केलं. दोनदा. मग म्हणाली, “बरं, पुढच्या वर्षी मी चकली पाडतानाचा व्हिडिओ घालू या.”

“किती एमबीचा आहे?”

“एमबी-बिमबी मला काय कळतंय? सतरा मिनिटांचा आहे. काकांनी काढलाय.”