अर्थिंगचे किट आणि गाडीचा पिकअप : एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. अर्थिंगच्या, म्हणजे बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल इंजिनशी आणि बॉडीशी जोडणाऱ्या, जादा वायरींवरील माझ्या लेखाबद्दल आपण सविस्तर लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. स्वतः किट न बसवता केवळ कागदी हिशेबावर मी ते निरुपयोगी ठरवले, हा आपला मुख्य आक्षेप आहे. आपल्या १२ वर्षांच्या पेट्रोल गाडीला ५ वायरींचे किट बसवल्यापासून गाडी एका सेल्फमध्ये चालू होते, हेडलाइटचा उजेड वाढला आणि पिकअपही सुधारला, असे आपण म्हणता. पहिल्या दोन गोष्टी मला पूर्णपणे मान्य आहेत. "पैसे पाण्यात" हे माझे शब्द सरसकट होते. ते मी मागे घेतो. पिकअपबाबत मात्र माझे मत बदललेले नाही, आणि त्याची कारणे नीट मांडणे मला आवश्यक वाटते.

माझी गाडी माहीमला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, उघड्यावर उभी असते. दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात सेल्फ मारला की ती कण्हत असे, आणि बॅटरी तर नवी होती. लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या साध्या मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवून मी मुलीला सेल्फ मारायला सांगितले, तेव्हा आकडा आला ०.९ व्होल्ट. अर्थिंग चांगले असेल तर तो साधारण ०.२ च्या आत राहायला हवा. सेल्फ १५० अँपिअर खेचतो असे धरले, तर त्या वाटेत अवघा ६ मिलिओहम रोध होता. पण तेवढ्यानेच सेल्फच्या वाट्याचा जवळजवळ एक व्होल्ट खाल्ला जात होता. गिअरबॉक्सजवळचा अर्थच्या वायरीचा बोल्ट खोलला तर लगखाली (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) गंजाचा तांबूस थर होता, आणि वायरीचे आवरण सोलल्यावर आतल्या तांब्याच्या तारा हिरव्या पडून बोटांत चुरगळत होत्या. मी ती एक वायर बदलली, बोल्टाखालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली, बोल्ट आवळून वरून पेट्रोलियम जेली लावली. आकडा ०.१५ वर आला. एकही जादा वायर न घालता गाडी एका सेल्फमध्ये चालू होऊ लागली.

आपल्या किटने बहुधा हेच काम वेगळ्या वाटेने केले आहे : गंजलेला सांधा तसाच राहिला आणि प्रवाहाला शेजारून नवी वाट मिळाली. हेडलाइटचेही तसेच. हॅलोजन दिव्याला एक व्होल्ट कमी मिळाला, तर उजेड सुमारे पाव भागाने घटतो. त्यामुळे दिव्याजवळच्या अर्थच्या बोल्टाशी किटची एखादी वायर जोडली गेली असेल, तर फरक डोळ्यांना दिसणारच.

पिकअपचा प्रश्न मात्र निराळा आहे. इंजिनची ताकद आत जाणारी हवा, त्या प्रमाणात मिळणारे पेट्रोल आणि वेळेवर पडणारी ठिणगी यांवर ठरते. व्होल्टेज थोडे खाली-वर झाले, तर इग्निशन कॉइल किती वेळ भरायची आणि इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा, याची भरपाई ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) स्वतःच करतो. महत्त्वाच्या सेन्सरांची अर्थची वायर सहसा बॉडीला न जाता थेट ईसीयूकडे परत जाते, म्हणून इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये कितीही जाड तांबे घातले तरी त्यांच्या मापनात फरक पडण्याचे कारण नाही. खुद्द ईसीयूचा अर्थ गंजला असेल तर गाडी झटके खाते, कधी चेक इंजिनचा दिवा लागतो. पण तो बिघाड झाला, आणि तो काढल्यावर मिळते ती गाडीची मूळचीच ताकद. आणखी एक गोष्ट आपण ध्यानात घ्यावी. किट बसवताना बॅटरी काढली जाते, आणि बऱ्याच गाड्यांमध्ये ईसीयूने शिकून ठेवलेले इंधनाचे आणि आयडलिंगचे हिशेब त्यासरशी पुसले जातात. ते पुन्हा जुळेपर्यंत गाडी वेगळी वाटते, आणि नेमक्या त्याच दिवसांत आपण फरक शोधत असतो.

यावर माझी विनंती आहे. किटच्या वायरी काढून, त्यांची टोके टेप लावून बाजूला बांधावीत. परंतु कंपनीची इंजिनला जाणारी मूळ वायर कधीही काढून ठेवू नये, कारण तिच्याविना सेल्फचा प्रवाह ॲक्सिलरेटरच्या किंवा गिअरच्या केबलीतून वाट काढतो आणि ती केबल तापून जळू शकते. मग सेल्फ मारताना वरीलप्रमाणे एकदा मोजावे, मूळ सांधे घासून पुन्हा मोजावे. (ज्यांच्या नव्या गाडीत निगेटिव्ह टर्मिनलवर बॅटरीचा सेन्सर बसवलेला असतो, त्यांनी जादा वायर थेट टर्मिनलला जोडूच नये, तो प्रवाह सेन्सरला टाळून जातो आणि चार्जिंगचा हिशेब चुकतो.) हे दोन आकडे आपण कळवलेत, आणि सांधे घासूनही दुसरा आकडा ०.२ च्या वरच राहिला, तर आपल्या गाडीला जादा वायरीची खरोखर गरज होती, अशी दुरुस्ती मी मूळ लेखात करीन.