जास्वंदीची लिंक फेल

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाने एक तर कीर्तनाला जावे किंवा बाग करावी, असा आमच्या लातुरात अलिखित नियम आहे. कीर्तनात मला झोप लागते, म्हणून मी बाग धरली. बाग म्हणजे फाटकाजवळचा चार फूट बाय सहा फूट तुकडा आणि त्यात एक जास्वंद. नर्सरीत पाहिली तेव्हा कमरेएवढ्या त्या रोपावर बशीएवढी सात केशरी फुले डुलत होती. "हिला काही लागत नाही साहेब, नुसतं पाणी घालायचं," असे नर्सरीवाला म्हणाला आणि तीस वर्षे कर्जदारांची तोंडे वाचत आलेला मी निमूटपणे पैसे मोजून मोकळा झालो.

रोपाच्या मुळांशी तांबड्या मातीचा गोळा होता आणि आमची माती अस्सल काळी, जी पावसाळ्यात पायातली चप्पल ओढून ठेवते आणि उन्हाळ्यात अशी भेगाळते की तिच्यात हात जावा. त्या मातीत उतरताच जास्वंदीने सातही फुलांचा हिशेब चुकता केला. जास्वंदीचे फूल एकाच दिवसाचे असते, हे मला तेव्हा कळले. पुढे महिना-दीड महिन्यात नवी पाने पिवळी पडू लागली, पण त्यांच्या शिरा मात्र हिरव्याच राहिल्या. गल्लीतील प्रत्येकाने वेगळे निदान केले. कोणी शेणखत सुचवले, कोणी ताक. एका स्नेह्यांनी तर झाडाला दृष्ट लागल्याचे सांगून मिरच्या ओवाळायला लावल्या. त्याचा परिणाम एवढाच झाला की घरातील सर्वांना ठसका लागला.

शेवटी परभणीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेतलेला माझा भाचा आला. त्याने समजावले की आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी फार असते. मातीत लोह असूनही ते झाडाला उचलता येत नाही आणि म्हणून पाने अशी पिवळी पडतात. हे मला तत्काळ पटले, कारण खात्यावर पैसे असूनही 'लिंक फेल आहे, उद्या या' असे सांगून मी स्वतः असंख्य लोकांना परत पाठवलेले आहे. पाण्यात थोडा हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, विरघळवून तो पानांवर फवारावा, असे ठरले. मग भाच्याची नजर पानांच्या करपलेल्या कडांवर गेली आणि तेथून माझ्या हातातील बादलीवर.

त्या बादलीचा मला फार अभिमान होता. 2016 च्या एप्रिलमध्ये ज्या गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या गावचा माणूस पाण्याचा थेंब वाया जाऊ देत नाही. आमच्याकडे नळ आठ-आठ दिवसांनी येतो, म्हणून पिण्याचे पाणी शुद्ध करताना आरओचे यंत्र जे पाणी बाहेर टाकते, ते मी नेमाने साठवून जास्वंदीला घालत होतो आणि ही काटकसर येईल त्या पाहुण्याला दाखवत होतो. भाचा म्हणाला, "मामा, बोअरच्या पाण्यातले सगळे क्षार काढून तेवढेच हिला पाजायलाव तुम्ही." त्या दिवसापासून ते पाणी फरशी पुसायला गेले आणि जास्वंदीला तांदूळ-भाज्या धुतलेले पाणी मिळू लागले. त्यामुळे आमच्याकडे भात जरा जास्तच होऊ लागला.

पाने हिरवी झाली, कळ्या धरल्या आणि त्याच सुमारास पिठ्या ढेकूण आला. नाव ज्याने ठेवले तो रसिक असला पाहिजे, कारण हा किडा खरोखरच पिठात लोळून आल्यासारखा दिसतो. तो कोवळ्या शेंड्यांचा रस शोषतो, त्याच्या अंगातून गोड चिकट द्रव पाझरतो आणि त्या द्रवासाठी मुंग्या त्याची राखण करतात. वसुलीला गेल्यावर कर्जदाराच्या दारात उभे असलेले कार्यकर्ते मी पाहिले आहेत; मुंग्या अगदी तशाच अंगावर येतात. औषध फवारले तरी त्याच्या मेणचट अंगावरून ते ओघळून जाते. म्हणून मी साबणाच्या पाण्यात थोडे निंबोळी तेल घोटून, जुना टूथब्रश घेऊन रोज सकाळी जास्वंदीचा शेंडान् शेंडा घासू लागलो. बेचक्यात दडलेला एक पांढरा पुंजका ब्रशच्या टोकाने उकरून काढावा, तर तेवढ्यात शेजारच्या फांदीवर दुसरा दिसे. दुधवाला फाटकाशी थबकून विचारी, "साहेब, झाडाचे दात घासायलाव का?" सौभाग्यवतींनी मात्र एकच प्रश्न विचारला: तो ब्रश नक्की कोणाचा होता? मी अद्याप उत्तर दिलेले नाही.

चैत्रात अकरा कळ्या मोजल्या. मग ऊन चढले. पाणी एक दिवस चुकले की कळी गळे आणि भरपाई म्हणून दुप्पट घातले तरी गळे. उमलण्याआधीच पिवळा पडलेला तो देठ बोट लावताच हातात येई. शेजारच्या काकूंची गावरान तांबडी जास्वंद मात्र मोरीच्या पाण्यावर कुंपणाबाहेर डोके काढून फुलत होती. मोरीच्या पाण्यावरची फुले देवाला कशी वाहायची, या विचाराने काकू ती तोडत नसत आणि माझ्या कळ्यांकडे आशेने पाहत असत.

अकरातील एक कळी टिकली. ती उमलणार त्या दिवशी परभणीला त्याच भाच्याचे लग्न निघाले. लग्न दुसऱ्या वेळी होणार नाही, फूल होईल, असा निवाडा सौभाग्यवतींनी दिला. नवरदेवाच्या पाठीशी मामा उभा राहावा लागतो, म्हणून पहाटेच्या अंधारात घट्ट मिटलेल्या कळीला पाणी घालून आम्ही एसटी पकडली. मंगलाष्टके चालू असताना खिशातला फोन थरथरला. काकूंनी फोटो पाठवला होता: त्यांच्या देवघरातील गणपती आणि त्याच्या चरणी माझे केशरी फूल. खाली लिहिले होते, "तुम्ही गावाला गेलाव, वाया जाऊ नये म्हणून वाहिलं."

मी तो फोटो दोन बोटांनी मोठा केला. देठापाशी, बरोबर मूषकाच्या नाकासमोर, एक पांढरा पुंजका होता. टूथब्रश लातूरला राहिला होता.